देवाचा दरबार, मुक्काम सातारा

ज्येष्ठ लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन घोडे आळंदीच्या वाटेला लागतात. मिरज, सांगली, पुढे इस्लामपूरच्या बाजूने सातारा जिल्हा आणि मग पुणे, असा सुमारे ३०० किलोमीटरचा हा पायी प्रवास असतो. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच बसत नाही. तो माउलींचा घोडा. गावोगावी माणसे रस्त्यावर येऊन त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. दोन-तीन आठवड्यांनी हेच घोडे पालखीबरोबर पुन्हा सातारा जिल्ह्यात येतात. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घडते, लोणंदचा मुक्काम होतो आणि तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण लागते.

या पालखीला आजचे रूप दिले तेही साताऱ्याकडच्याच माणसाने. आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी १८३२च्या सुमारास माउलींची पालखी वेगळी नेण्याची व्यवस्था लावली आणि लष्करात कमावलेली सगळी शिस्त तिच्यात ओतली. दिंड्यांचे क्रमांक, मुक्कामांचे वेळापत्रक, चोपदार, निघण्याआधी होणारे तीन कर्णे, हे सारे आजही पाळले जाते. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग तिच्याकडे जायचे, काय झाले ते ऐकून घ्यायचे, निवाडा करायचा आणि मगच आरती. तक्रार मांडायची ही रीत जगातल्या किती धर्मसभांमध्ये सापडेल?

या रस्त्याने १९५०च्या दशकात एक फ्रेंच जेझुइट पाद्री चालला. त्यांचे नाव फादर गी देल्युरी. पुण्यात राहून मराठी शिकलेले, तुकोबांच्या अभंगांत बुडालेले. त्यांनी फ्रेंचमध्ये केलेला तुकोबांच्या निवडक अभंगांचा अनुवाद १९५६ साली पॅरिसच्या गालिमार या मोठ्या प्रकाशन संस्थेने छापला. १९६०मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा विठ्ठल संप्रदायावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दिंडी कशी चालते, विणेकरी कुठे उभा राहतो, कोणत्या प्रहराला कोणते अभंग होतात, याच्या त्यांनी केलेल्या नोंदी आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. ग्रंथ अभ्यासकाचा आहे, पण त्याच्यामागे पायपीट आहे. फ्रान्समधल्या कॅथलिक घरात आणि जेझुइटांच्या कडक शिस्तीत घडलेला माणूस आळंदी ते पंढरपूर चालतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे लहानपणही चालत असणार.

कॅथलिक लहानपण म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांना थोडे सांगायला हवे. कॅथलिक घरात मुलाला धर्म पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकातून नव्हे. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांवर क्रूसाची खूण करायची. संध्याकाळी घरात सगळ्यांनी गुडघे टेकून माळ जपायची; दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येक मण्याला मरियेची तीच प्रार्थना. शुक्रवारचा उपास, उदाचा वास, संतांची मिरवणूक, वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस फेडण्यासाठी नेलेली मेणाची बाहुली. पवित्र सप्ताहात क्रूसाच्या वाटेचे १४ टप्पे एकेक करून चालायचे, प्रत्येक ठिकाणी थांबायचे आणि गुडघे टेकायचे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १९६३मध्ये देशी भाषांना वाट मोकळी करून देईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई. शब्द कळत नसत, पण कुठे उभे राहायचे आणि कुठे वाकायचे हे मुलांना पाठ असे.

असे मूल मोठे होऊन वारीत उभे राहिले, तर त्याला परके वाटण्याजोगे फार थोडे उरते. १०८ मण्यांची तुळशीची माळ, एकादशीचा उपास, काकड्यापासून शेजारतीपर्यंत बांधलेला दिवस, मुक्कामामागून मुक्काम, आणि पुन्हा पुन्हा तेच नाव. प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी युरोपात ज्या ज्या गोष्टी बाजूला केल्या होत्या, त्या सगळ्या या रस्त्यावर उघड्यावर चालू असतात. म्हणूनच अशिक्षित वारकरणीची भक्ती आणि कॅथलिक आजीची भक्ती, शास्त्रात कितीही अंतर असले तरी, देहाच्या पातळीवर एकमेकींना ओळखतात.

म्हणून दोन्ही एकच, असे मात्र नव्हे. कॅथलिक माणसाच्या श्रद्धेचा गाभा वेदीवरच्या भाकरीत आणि द्राक्षारसात आहे, आणि तो गुरुदीक्षा झालेल्या धर्मगुरूच्या हातून येतो. वारकऱ्याला असा मध्यस्थ लागत नाही. त्याचा विठोबा कोणाच्याही हाताची वाट न पाहता विटेवर उभा आहे. हा फरक पुसून टाकणारे गुळगुळीत सर्वधर्मसमभावाचे बोलणे दोन्हीकडच्या भाविकांवर अन्याय करते. देल्युरींनी तसे केले नाही. धर्मगुरू राहूनच त्यांनी दिंडीकडे पाहिले आणि दिंडी आहे तशी लिहिली.

या प्रकारचा मराठीतला पहिला मोठा प्रवासी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९मध्ये तिथेच वारला. इंग्लंडात कॅथलिक असणे जिवावर बेतत होते असा तो काळ. स्वतःच्या देशात ज्याच्या श्रद्धेला थारा नव्हता, त्याने साष्टीच्या गावांत चाळीस वर्षे काढली. तिथे पोर्तुगीजांनी देवळे पाडलेली, पोथ्या जाळलेल्या. नवख्रिस्तींच्या कानांत पुराणाचा नाद होता, पण पुराण उरले नव्हते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच असा नवख्रिस्ती येतो आणि जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी द्या म्हणून पाद्रीगुरूकडे मागणी करतो. स्टीफन्सने दिले ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचे, १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलेले पुराण. त्यात वैकुंठ आहे, मुक्तिपद आहे, आणि मराठीचे ते प्रसिद्ध गौरवगानही आहे. त्याचा नाद ज्ञानेश्वरीच्या घराण्याचा आहे. मिस्सा झाली की गावोगावच्या चर्चांत हे पुराण वाचले जाई.

या ग्रंथाकडे ‘धर्मप्रसाराची हुशारी’ म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. प्रसाराचा हेतू होताच. स्टीफन्सने तो कधी लपवला नाही. पण हेतूने माणूस दहा हजार ओव्या लिहीत नाही. त्यासाठी ओवी अंगात मुरावी लागते, सकाळी जागे झाल्यावर तिचीच चाल मनात यावी लागते. जेत्यांच्या जहाजातून आलेला माणूस जितांच्या छंदाला शरण गेला, आणि तेही त्याच राज्यात जिथे पुढे १६८४मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषा बंद करण्याचे फर्मान काढले. ही घटना लहान नाही.

आता साताऱ्याकडे वळू. कारण स्टीफन्स आणि देल्युरी ज्या वाटेने आले, तीच वाट उलट दिशेने चाललेला माणूस आयुष्याच्या शेवटी साताऱ्यात येऊन थांबला.

नारायण वामन टिळक कॅथलिक नव्हते. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला चित्पावन घरात जन्म, संस्कृतचा पाया पक्का, कविता रक्तात. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या मिशनऱ्याने हातात नवा करार ठेवला, तो वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची बावीस वर्षे ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी बांधलेले होते. ते मिशन प्रोटेस्टंट. त्यांनी शिकवले, १९०४मध्ये दीक्षित पाळक झाले, १९१२पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. पण त्यांच्या मनात ख्रिस्त परदेशी कोटात कधीच बसला नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत, आणि ते अक्षरशः खरे होते. त्यांच्या ‘अभंगांजली’तला येशू माउली आहे, सद्गुरू आहे, सखा आहे. मराठी चर्चमध्ये आजही ही पदे टाळ-पेटीवर म्हटली जातात.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न, प्रकृती तोळामासा, घरात मुलेबाळे आणि पाहुण्यांचा राबता. त्यांनी भगवी वस्त्रे घातली आणि सातारा गाठले. तिथे अजिंक्यताऱ्याखाली त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना साधी होती, आणि त्या काळाच्या मानाने धाडसाची. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही या दरबारात यावा. बाप्तिस्मा घेतलेला यावा, न घेतलेलाही यावा. पंथांची नावे दाराबाहेर. पगारी उपदेशक नाही, परदेशी फंड नाही. कीर्तन, भजन, सेवा आणि बंधुभाव. सज्जनगड हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात, जिथे समर्थांचे नाव रोज घेतले जाते, एका ख्रिस्ती कवीने संन्याशाच्या वेषात बसावे याला गावानेही अर्थ दिला असेल. मिशनच्या रजिस्टरात मात्र हा प्रकार कुठल्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्नच होता. बाप्तिस्म्यावर माणसे मोजण्याची सवय असलेल्या यंत्रणेला न मोजता येणारा शिष्यवर्ग पेलत नाही.

दरबार दोन वर्षेही धड चालला नाही. टिळक आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. आपले दफन न करता दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. ख्रिस्ती पाळकाच्या चितेला त्या काळी अग्नी देणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी जरूर करावा.

पण दरबार संपला तरी बीज वाया गेले नाही. जे. सी. विन्स्लो नावाचा तरुण अँग्लिकन धर्मगुरू नगर भागात काम करत होता. टिळकांनी त्याला भारून टाकले होते. १९२२मध्ये त्याने ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय माणसांनी एकत्र राहायचे, जमिनीवर बसून जेवायचे, खादी घालायची आणि प्रार्थना करायची. १९२३मध्ये त्याने टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. पुढे संघाचा आश्रम पुण्यात उभा राहिला. १९२७मध्ये ऑक्सफर्डहून याच आश्रमात व्हेरिअर एल्विन आला. तो इथून गोंडांच्या गावांत गेला, त्यांच्यात राहिला, आणि शेवटी त्याने चर्चच सोडले. आदिवासींच्या जगात शिरताना ज्याला आपला जुना धर्म बरोबर नेता आला नाही, असा हा याच परंपरेतला माणूस. त्याचाही प्रवास प्रामाणिकच होता.

याच पुण्याच्या आश्रमात १९७२मध्ये अँग्लिकन आणि कॅथलिक जोगिणी एकत्र राहायला लागल्या. युरोपात ज्यांची चर्चे चारशे वर्षे एकमेकांना पाण्यात पाहत होती, त्या बायका इथे एका चुलीवर जेवू लागल्या. ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम’ हे त्याचे नाव. स्कॉटलंडच्या सिस्टर सारा ग्रँट पुढे या आश्रमाच्या मुख्य झाल्या. कॅथलिक संन्यासिनी, आणि अभ्यास शंकराचार्यांचा. मुंबईच्या सोफिया कॉलेजात त्यांनी शिकवले, शांकरभाष्यातल्या ‘संबंध’ या कल्पनेवर प्रबंध लिहिला, आणि १९९१मध्ये स्वतःला उघडपणे अद्वैती ख्रिस्ती म्हणवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. साताऱ्यातल्या एका प्रोटेस्टंट कवीचे स्वप्न, एका अँग्लिकनाच्या हातून, कॅथलिक बाईच्या आसनापर्यंत पोहोचले. ही साखळी महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात ठळक अक्षरात लिहायला हवी, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते.

या सगळ्यात रोमची भूमिका कधी सैल, कधी आवळलेली राहिली. मदुरेच्या रॉबर्ट द नोबिलीने ब्राह्मणी संन्याशाचा वेष घेतला. १६२३मध्ये पोपने त्याला मुभा दिली, आणि १७४४मध्ये दुसऱ्या पोपने असल्या देशी रीतींवर कायमची बंदी घातली. १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे स्पष्ट म्हटले गेले. १९६९मध्ये भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी बारा गोष्टींना मंजुरी मिळाली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, मिस्सेत पंचांग प्रणाम, आरती, समई, फुलांचे ताट, जमिनीवर बसणे. कागदावर या लहान गोष्टी दिसतात. पण १७४४ ते १९६९ या सव्वादोनशे वर्षांत ज्यांना फूल वाहताना मनात चोरटेपणा वाटला असेल, त्यांना विचारले असते तर त्यांनी वेगळे सांगितले असते.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. देशी परंपरा म्हणजे नेमकी कोणाची?

शंकराचार्य, संन्यास, ओम, भगवी वस्त्रे, संस्कृत मंत्र, हे सारे देशी आहे यात शंका नाही. पण नगर, जालना, सांगली, मिरज, सातारा इकडची बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. त्यांच्या आज्या-पणज्यांना वेद ऐकण्याचीही मुभा नव्हती. ज्या दारातून हाकलले गेले त्याच दाराची कमान आता चर्चमध्ये उभारली, तर त्यांनी तिला आपली का म्हणावे? १९८०च्या दशकाच्या आरंभी बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात अरविंद निर्मळ या मराठी अभ्यासकाने हाच प्रश्न उभा केला आणि त्यातून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची धारा सुरू झाली. त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. या माणसांची देशी परंपरा म्हणजे एकतारी, हलगी, डफ, गोंधळाची चाल, जात्यावरची ओवी. मंगळवेढ्याचा चोखोबा त्यांचा. त्याला देवळाबाहेर उभे राहावे लागले हीही त्यांचीच कथा.

वारीलाही हा डाग चुकलेला नाही. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसताना त्यांनी पाहिली, आणि ती सल त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात उतरली. चर्चमध्ये जातीचे काय होते हे गोवा आणि तामिळनाडूतल्या लोकांना वेगळे सांगायला नको. तेव्हा आपापली सोवळी-ओवळी घेऊन दोन परंपरा एकत्र आल्या, तर जे तयार होते ते अधिक पवित्र असतेच असे नाही. टिळकांच्या दरबाराचे मोल इथे कळते. तिथे मिसळण्याची अट आधी माणसांना होती, आरती आणि समई नंतर.

या अटीची किंमत घरात काय पडते, ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सांगून ठेवले आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सुमारे पाच वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे सुटले नाही. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. उपदेशाने ते सुटले नाही. रोज डोळ्यांसमोर वावरणारी माणसे पाहता पाहता त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला की ही जात देवाने केली की माणसांनी, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे पुस्तक मराठीत टिकले ते विनोदाने आणि सच्चेपणाने, पण त्याच्या तळाशी हा बदल आहे. धर्मांतराच्या मोठमोठ्या चर्चांत पाण्याच्या हंड्याचा उल्लेख येत नाही. लक्ष्मीबाईंच्या लिखाणात तो येतो, कारण त्यांची वाट त्या हंड्यावरूनच गेली.

टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. थोडेच अध्याय हातावेगळे झाले आणि ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, वय साठीच्या घरात, आणि ओवी तोंडून सहज यावी तशी. त्या १९३६मध्ये वारल्या. ग्रंथ १९३८मध्ये बाहेर आला. स्टीफन्सच्या पुराणानंतर बरोबर ३२२ वर्षांनी. एकाला ओवी शिकावी लागली, दुसरीला ती आईच्या जात्यावर मिळाली होती. ख्रिस्त दोघांना वेगवेगळ्या वाटांनी भेटला, एकाला जन्माने, दुसरीला नवऱ्याच्या हट्टाने. तरीही छंद एकच निघाला. धर्मशास्त्रांना जे शतकानुशतके जमत नाही, ते चार चरणांच्या चालीला जमले.

चालीबद्दल बोलतो आहोत तर मिरजेला जाऊन यायला हवे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनतात. त्यासाठी लागणारा मोठा कडू भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या बाजूच्या मळ्यांतून. भोपळा वाळवतात, आडवा कापतात, आतला गर खरवडून पाण्यात भिजवतात आणि हवा तो आकार देतात. वर तुणाच्या लाकडाची तबकडी आणि दांडी बसते. शेवटी जवारी काढतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत बसायचे, सूर नाकातून यावा तसा घुमू लागेपर्यंत. हे काम एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी उचलले. तलवारींना धार लावणारे हे मुसलमान कारागीर. तलवारीचे दिवस गेले तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्याला हात घातला आणि घराणीच्या घराणी त्यात रमली. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. विठोबाच्या मुलखातला भोपळा, शिकलगाराची हत्यारे, मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात गायलेले खयाल, आणि त्याच गावात १८९०च्या दशकात डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेले मिशनचे रुग्णालय. मिरजेतल्या माणसाला सरमिसळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या दारात ती रोज होते.

दक्षिण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतही ती शांतपणे होतच असते. नाताळला करंज्या आणि चकल्या तळल्या जातात, लग्नात हळद लागते, नव्या सुनेला ओवाळून घरात घेतात. कोणी त्याला धर्मशास्त्राची परवानगी विचारलेली नसते. विद्वानांनी ज्याला मोठमोठी नावे दिली ते स्वयंपाकघरात केव्हाच रुळलेले असते. मात्र अलीकडे दोन्ही बाजूंनी चाळणी लावणारे वाढले आहेत. हे ख्रिस्ती नव्हे म्हणून करंजीवर बोट ठेवणारा एक, आणि तुम्ही इथले नव्हेच म्हणून टाळावर बोट ठेवणारा दुसरा. दोघांनीही स्टीफन्सचे दहा हजार ओव्यांचे पुराण उघडलेले नसते. उघडले असते तर इथले म्हणजे काय, याचा पुरावा चारशे वर्षांपूर्वीच छापून ठेवलेला आहे हे त्यांच्या लक्षात आले असते.

आज असा मिश्र रस्ता धरू पाहणाऱ्या तरुण-तरुणींना या माणसांकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हे: त्यांनी वरवरचे उचलले नाही. देल्युरींनी वारीचा फोटो काढून समाधान मानले नाही, ते चालले. स्टीफन्स दोन ओव्या पाठ करून थांबला नाही. सारा ग्रँटनी अद्वैताची दोन सुभाषिते घेतली नाहीत, भाष्य मुळातून वाचले. टिळकांनी संन्यास घेतला तो पगार सोडून. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले ते स्वतःच्या चुलीपाशी. दोन परंपरांचे आपल्याला हवे तेवढे वेचून ताट सजवणे सोपे आहे. त्या दोन्हींनी आपल्याकडे काहीतरी मागावे आणि आपण ते द्यावे, हे अवघड आहे.

‘ख्रिस्तपुराण’ १९५६पासून देवनागरीत उपलब्ध आहे. शांताराम बंडेलूंनी ते कष्टाने आणले. ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या धड्यापुरती बहुतेकांनी वाचलेली असतात, ती पुढची, सातारा आणि दरबारापर्यंतची, फारशी कोणी वाचत नाही. सांगली-साताऱ्याच्या वाचकांनी ही दोन्ही पुस्तके आपापल्या नगरवाचनालयात मागावीत, नसतील तर आणायला लावावीत. आणि गावातल्या भजनी मंडळांनी तुकोबा-चोखोबांच्या जोडीला टिळकांचे एखादे पद म्हणून पाहावे. चाल वेगळी शोधावी लागणार नाही.